बंद पडण्याची वही

गाडी मुळीच सुरू होत नसेल, तर माणूस एका अर्थाने निश्चिंत असतो. दोष समोर ठाण मांडून बसलेला असतो. बॉनेट उघडावे, बॅटरीपासून सुरुवात करावी, एकेक गोष्ट तपासत पुढे जावे, संध्याकाळपर्यंत काही ना काही हाती लागतेच. छळते ती अधूनमधून बंद पडणारी गाडी. ती आठ दिवस सुरळीत चालते, नवव्या दिवशी भर रस्त्यात मान टाकते, आणि आपण घामाघूम होऊन बॉनेट उघडून आत डोकावेपर्यंत पुन्हा एका सेल्फमध्ये अशी सुरू होते, की जणू मघाशी जे झाले ते आपल्याच डोक्यातले होते. माझ्या वीस वर्षे जुन्या, पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीने मला असे जवळजवळ तीन महिने झुलवले. त्या तीन महिन्यांत मला जे उमगले, त्यातले बरेचसे इंजिनाबद्दल होते आणि थोडेफार माझ्या घाईबद्दल.

सुरुवात मी सर्वांसारखीच केली, म्हणजे अंदाजाने. प्लग जुने होते म्हणून प्लग बदलले, त्याच दिवशी पेट्रोल फिल्टरही बदलला, आणि गाडी पाच दिवस नीट चालल्यावर घरात विजयाची घोषणा केली. सहाव्या दिवशी ती बंद पडली. दोन भाग एकाच दिवशी बदलणे ही चूक किती मोठी आहे, हे तेव्हा लक्षात आले नव्हते. गाडी सुधारली असती तरी कशाने सुधारली हे मला कधीच कळले नसते, आणि सुधारली नाही तेव्हा जुना फिल्टर कापून त्यात गंज आहे का ते पाहण्याची संधीही मी तो फेकून देऊन घालवली होती.

तत्त्व तसे सोपे आहे. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि नेमक्या वेळी ठिणगी लागते. पेट्रोल आणि हवा यांचे वजनी प्रमाण एकास १४.७ च्या आसपास असावे लागते, आणि या साखळीतला कोणताही दुवा क्षणभर निसटला, की इंजिन थांबते. अडचण अशी, की तो दुवा निसटतो तेव्हा आपण स्टिअरिंगवर असतो, आणि तपासायला उतरतो तेव्हा तो पुन्हा जुळलेला असतो. त्यातही उष्णतेचे दोष सर्वांत लबाड. उष्णतेने तार, कॉईल किंवा जोड फाकतो. तो पाहण्यासाठी आपण बॉनेट उघडतो, वारा लागतो, इंजिन निवते आणि फाकलेला जोड मिटतो. तपासणीसाठी बॉनेट उघडणे हीच अशा वेळी दुरुस्ती ठरते, आणि ती आपण नकळत करून बसतो.

दुसऱ्या आठवड्यात मी एक शंभरपानी वही घेतली आणि ती पेनासकट दाराच्या खणात ठेवली. गाडी बंद पडली, की आधी बाजूला घ्यायची, धोक्याचे दिवे लावायचे, आणि बॉनेटला हात न लावता आधी लिहायचे. (बाजूला घेण्याबद्दल एक सांगायला हवे. चालती गाडी बंद पडली तर चावी काढू नये, कारण स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. ब्रेकला बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, साठलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच मिळते, त्यामुळे ब्रेक पुन:पुन्हा न पंपता एकदाच ठाम दाबावा. आणि स्टिअरिंग जड होईल याची तयारी ठेवावी.) वहीत मी तारीख, वेळ, सुरू केल्यापासून झालेली मिनिटे, तापमानाचा काटा, टाकीतले पेट्रोल, एसी चालू की बंद, आणि त्या क्षणी पाय नेमका कुठे होता, असे रकाने आखले. शेवटचा रकाना होता ‘कशी बंद पडली’. त्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे, असे ठरवले होते; हा रकाना मी केवळ हौसेने ठेवला होता, पण पुढे सगळी उकल त्यातूनच झाली.

बेचाळीस दिवसांत १४ नोंदी झाल्या. एका रविवारी त्या सलग वाचायला बसले, तेव्हा तापमान, पेट्रोल, मिनिटे यांतून काहीच अर्थ लागेना. आकडे सगळीकडे विखुरलेले. शेवटचा रकाना मात्र दोन वेगवेगळ्या आवाजांत बोलत होता. नऊ ठिकाणी मी ‘धडधडली, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा घसरत गेला, विझली’ अशा अर्थाचे काही लिहिले होते. उरलेल्या पाच ठिकाणी ‘चावी काढल्यासारखी’, ‘एकदम’, ‘काही कळायच्या आत’ असे शब्द होते. एक वाक्य तर स्पष्टच होते: ‘गाडी चौथ्या गिअरमध्ये पळते आहे, चाके इंजिनाला फिरवत आहेत आणि आरपीएमचा काटा शून्यावर.’ इतके दिवस मी एका आजाराचा शोध घेत होते आणि आजार दोन होते. एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हते, म्हणून प्रत्येक औषध निकामी ठरत होते.

एकदा ही फोड झाल्यावर नऊ नोंदींचा गट लगेच बोलू लागला. त्या सगळ्या वेळी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला होता. गाडी थांबत होती किंवा वळत होती, आणि बहुतेकदा एसी चालू होता. म्हणजे इंजिन आपल्या संथ फिरण्यावर, आपण ज्याला आयडलिंग म्हणतो त्यावर आले, की त्याला कम्प्रेसरचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा भार सोसत नव्हता. आयडलिंगला थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या झडपेची, पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला लागणारी हवा तिच्या कडेच्या फटीतून व एका छोट्या व्हॉल्व्हमधून येते. हा व्हॉल्व्ह भार आला, की उघडून हवा वाढवतो. मी हवेची जाड नळी काढून आत टॉर्च मारला. पाकळीच्या कडेला, जिथे पितळी चमक असायला हवी होती, तिथे काळपट तेलकट थराची गोल किनार बसली होती. नखाने खरवडली तर कढईच्या बुडाची काजळी निघावी तशी निघाली. व्हॉल्व्हच्या टोकालाही तेच. कार्बन साफ करण्याचा फवारा, मऊ ब्रश आणि जुने सुती कापड यांवर अर्धा दिवस गेला. व्हॉल्व्हच्या टोकाला जोर लावून आतबाहेर केले नाही, कारण आतला स्क्रू नाजूक असतो. फवारा ज्वलनशील असतो, म्हणून इंजिन थंड असताना आणि बॅटरीची तार काढून हे काम केले.

आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्थिरावले, पण पूर्ण नाही. अधूनमधून हलका झोला यायचा. हे हवेच्या गळतीचे लक्षण. थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी चोरवाट असली, तर मोजली न गेलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. अशी गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोलजन्य फवारे मारणारे पुष्कळ आहेत, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो खेळ मला पसंत नाही. मी वीतभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक एकेका जोडावरून फिरवत नेले. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या अंगाला, वरून मुळीच न दिसणाऱ्या ठिकाणी, फुसफुस ऐकू आली. नळी वाकवून पाहिली तर तिथे बोटभर लांबीची चीर होती. सरळ असताना मिटलेली, इंजिन हलले की उघडणारी. नळी बदलली आणि नऊ नोंदींचा आजार त्या दिवसापासून संपला. हे काम उघड्यावरच केले. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, ही सूचना सगळे देतात आणि घाईत सगळे विसरतात. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

पेट्रोल न पोहोचण्याचा एक तिसरा प्रकारही असतो, आणि तो आपल्याकडे नाही याची खात्री करून घेणे गरजेचे होते. त्यात गाडी चढावर किंवा वेगात असताना आचके देते, मग दम तोडते, आणि थोडी विश्रांती मिळाली, की पुन्हा चालते. पंप थकलेला असतो, फिल्टर तुंबलेला असतो, किंवा टाकीला श्वास घेता येत नसतो. ही श्वासाची गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. टाकीतले पेट्रोल जितके कमी होईल तितकी हवा तिच्यात यावी लागते. ती वाट बुजली, तर आत पोकळी वाढत जाते आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडावे. जोराने हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी मजेत चालू लागली, तर दोष झाकणात किंवा श्वासनळीत. अशी नळी बुजायला कचराच लागतो असे नाही. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेतल्या सुमारे ५० हजार गाड्या परत बोलावल्या, त्या टाकीच्या श्वासनळीत एका जातीचे कोळी जाळे विणत होते म्हणून. मी झाकण उघडून पाहिले, कसलाही आवाज आला नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखाली पंपाची दोन सेकंदांची घरघर नीट ऐकू येत होती. बॅटरीचा दाब गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाला. इंजिन आणि बॉडी यांच्यातल्या अर्थिंगच्या पट्टीवरही विजेचा दाब वाया जात नव्हता. हे सगळे वहीत ‘निर्दोष’ या मथळ्याखाली गेले. संशयितांची यादी कमी होते ती अशाच कंटाळवाण्या नोंदींनी.

उरल्या त्या पाच नोंदी. ‘चावी काढल्यासारखी’ हे वर्णन वीज तुटल्याचे असते. पेट्रोल कमी पडले, तर इंजिन रेंगाळत मरते. इंजेक्शनच्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या जमान्यात अशा वेळी बोट कंडेन्सरकडे, म्हणजे ठिणगीच्या व्यवस्थेतल्या एका छोट्या विजेच्या भागाकडे जायचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत सेल्फ, दिवे आणि ठिणगी यांची विजेवरची एकत्रित व्यवस्था आली, तिच्यामागे चार्ल्स केटरिंग होते. बॅटरी, कॉईल आणि उघडझाप करणारे पॉइंट ही त्यांची मांडणी त्यानंतर कित्येक दशके जगभर चालली. त्यातला पॉइंटमधली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ठेवणारा आणि कंडेन्सर बदलणारा मेकॅनिक हा त्या काळचा वैद्यच होता. माझ्या गाडीत पॉइंट नाहीत. त्यांच्या जागी क्रँकशाफ्टचा सेन्सर आहे, जो इंजिन कुठल्या अंशात फिरले आहे हे संगणकाला सांगतो. याच्या आतले बारीक तारेचे वेटोळे तापल्यावर तुटते आणि निवल्यावर जुळते, हा अगदी प्रसिद्ध दोष आहे. लक्षण जुळत होते, आरपीएमचा काटा शून्यावर जाणेही जुळत होते, आणि जो भेटेल तो तेच सांगत होता. मी सेन्सर बदलला.

अकरा दिवस गाडी बंद पडली नाही. बाराव्या दिवशी पडली.

त्या संध्याकाळी मी वहीत केलेला हिशोब मला फार पूर्वी करायला हवा होता. या प्रकारचा दोष बेचाळीस दिवसांत पाच वेळा झाला होता, म्हणजे सरासरी साडेआठ दिवसांतून एकदा. दोष मुळीच दुरुस्त झाला नसतानाही, निव्वळ योगायोगाने अकरा दिवस कोरडे जाण्याची शक्यता चारांत एकापेक्षा थोडी जास्तच निघते. इतक्या फुटकळ पुराव्यावर मी मनातल्या मनात सेन्सरला दोषी ठरवून मोकळी झाले होते. योगायोगाची शक्यता शंभरात पाचच्या आसपास यावी असे वाटत असेल, तर सरासरी अंतराच्या तिप्पट, म्हणजे सुमारे पंचवीस दिवस थांबायला हवे होते. प्लग आणि फिल्टरनंतरच्या माझ्या पाच दिवसांच्या विजयाबद्दल तर बोलायलाच नको.

आता मी उलटा विचार केला. दोष घडतो तेव्हा मीटर लावणे शक्य नसेल, तर मीटर आधीच लावून ठेवावे. गाडीच्या आकृतीवरून पाहिले, की मुख्य रिले, म्हणजे विजेनेच उघडझाप होणारा एक स्विच, संगणकाला आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना वीज देतो आणि पंपाची वाटही त्याच्यातून जाते. मी बारा व्होल्टचे दोन लहान दिवे घेतले, प्रत्येकाच्या तारेत बारीक फ्यूज घातला, एक दिवा इंजेक्टरच्या पुरवठ्याला आणि दुसरा पंपाच्या पुरवठ्याला जोडला, आणि दोन्ही डॅशबोर्डवर डोळ्यासमोर चिकटवले. पंपाचा दिवा विझणे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण इंजिन फिरणे थांबले, की संगणक स्वतःच एक-दोन सेकंदांत पंप बंद करतो. म्हणून क्रम पाहायचा होता. सेन्सर किंवा कॉईल दगा देत असेल, तर इंजिन आधी मरेल, इंजेक्टरचा दिवा तसाच जळत राहील आणि पंपाचा दिवा जरा मागाहून विझेल. चावीच्या स्विचचा दोष असेल, तर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवेही सोबत जातील. आणि रिले दगा देत असेल, तर दोन्ही दिवे इंजिनासोबतच, एका क्षणात जातील.

चौथ्या दिवशी, उन्हात बंद करून ठेवलेली गाडी बाहेर काढल्यावर सात मिनिटांनी, दोन्ही दिवे एकदम विझले. डॅशबोर्ड मात्र उजळलेला होता. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरने इतके दिवस दोषाचा एकही कोड का दाखवला नाही, तेही तिथेच कळले: दोष नोंदवायचे काम ज्या संगणकाचे, त्याचीच वीज तुटत होती.

घरी येऊन वही पुन्हा काढली. पाच नोंदींपैकी दोन ठिकाणी तापमानाचा काटा जेमतेम हललेला होता, म्हणजे इंजिन गरमच नव्हते. सेन्सर बदलण्यापूर्वी हे माझ्या डोळ्यांखालून गेले होते आणि मी ते अपवाद म्हणून सोडून दिले होते. पाचही ठिकाणी समान होती ती एक गोष्ट, जिच्यासाठी मी रकाना आखलाच नव्हता, पण गबाळ्या अक्षरात बाजूला खरडली होती: ‘गाडी उन्हात होती’. मुख्य रिले डॅशबोर्डखाली, समोरच्या काचेच्या अगदी जवळ बसवलेला आहे. तापत होती ती गाडीची कॅबिन, आणि मी तीन महिने बॉनेट उघडत होते.

रिले काढला तेव्हा तो तळहातात मावेल एवढा करड्या प्लास्टिकचा डबा होता. कडेच्या दोन खाचा हळूच दाबल्यावर झाकण निघाले. आतली पट्टी उलटी करून दिव्याखाली धरली, तर नुसत्या डोळ्यांना सगळे व्यवस्थित दिसत होते, डाखाचे चकचकीत टिपके रांगेने बसलेले. मग भिंग धरले. सर्वांत जाड पिनेच्या भोवती, डाखाच्या टिपक्यात, केसाइतकी बारीक काळी रेघ होती, पूर्ण वर्तुळाकार. जणू कोणी पिनेच्या मापाची अंगठी कोरून ठेवली होती. पीन सुईच्या टोकाने दाबली, तर ती त्या अंगठीत किंचित डुलली. वीस वर्षे तापून आणि निवून, पितळ व डाख वेगवेगळ्या मापाने फुगून आणि आकसून, तो जोड थकला होता. थंडीत तो टेकून राहत होता आणि उन्हात सुटत होता.

सरळ डाख देऊन मोकळे व्हावे असे वाटले होते, पण आधीच्या अकरा दिवसांची शिकवण ताजी होती. मी नवा रिले बसवला आणि जुना तसाच, न दुरुस्त केलेला, खणात ठेवला. सव्वीस दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. सत्ताविसाव्या दिवशी ऊन चांगले तापलेले असताना मी गाडी मोकळ्या जागेत उभी केली, काचा वर करून दोन तास तशीच ठेवली, नवा रिले काढून तो जुना, चिरलेला रिले परत बसवला आणि इंजिन सुरू करून हातात घड्याळ घेऊन बसले. पाच मिनिटे गेली, सहा गेली. डॅशबोर्डवर दोन्ही दिवे शांतपणे जळत होते, आणि आपण पुन्हा चुकलो की काय, या शंकेने माझे तोंड कोरडे पडले. नवव्या मिनिटाला दोन्ही दिवे विझले, इंजिन गप्प झाले, आणि मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले, की घरातून सगळे धावत बाहेर आले.